झाऱ्याखालचे सूर्य

१

विक्रांत गावडे गेली बावीस वर्षं गाझियाबादच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात एकच काम करत होता: गोल म्हणून बनवलेली वस्तू खरोखर गोल आहे का, ते तपासायचं. केसाएवढी चूक असली तरी आधी त्याच्या अंगठ्याला कळे, मग यंत्राला. घरी आला की तो वही काढी. दहावीच्या सुट्टीत सुरू केलेली रोजनिशी त्याने एक दिवसही चुकवली नव्हती. त्यात तापमान, भाजी, कोण आलं, कोण काय बोललं, सगळं असे. सुकन्या, त्याची बायको, पाहुण्यांना सांगे, "आमचं भांडण झालं ना, की मी वही उघडून बघते. कोण चुकलं होतं ते तारखेसकट सापडतं."

जानेवारीतल्या एका रात्री जेवताना त्याने जाहीर केलं, "दोन ऑगस्टला आपण चौघं इजिप्तला. लक्सर. खग्रास सूर्यग्रहण. सहा मिनिटं वीस सेकंद."

मयुरा, चौदा वर्षांची लेक, घास तोंडात ठेवूनच किंचाळली. "बाबा यार! पक्का?"

"पक्का."

सुकन्याने मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. विक्रांतची आई, म्हणजे प्रभावतीबाई, ताटातल्या आमटीत भात कालवत राहिली. मग म्हणाली, "दोन ऑगस्टला दिव्यांची अवस आहे. दिवे कोण पुजणार?"

"आई, तिथे भरदुपारी अंधार होणार. एक दिवा बॅगेत घे."

"मग वातीही घ्यायला हव्यात," आई म्हणाली. हा तिचा होकार होता.

त्या रात्री तिला बोलण्याचा हुरूप आला. ऐंशी सालच्या फेब्रुवारीत ती गडहिंग्लजला होती आणि विक्रांत पोटात होता. पोटुशी बाई म्हणून तिला ग्रहण पाळायला लावलं. दारं-खिडक्या बंद, चिरायचं नाही, शिवायचं नाही, हलायचंही नाही. "पण कौलाला होतं भोक," आई हसत म्हणाली. "त्यातून उजेडाचा एक ठिपका आत यायचा, रुपयाएवढा. बघता बघता त्याची कोर झाली. आणि पडली कुठे, तर इथे." तिने पोटावर बोट ठेवलं.

"वॉव, आजी! मग?"

"मग काय, बाहेर सासूबाईंची चाहूल लागली. मी पटकन त्या कोरीवर हात ठेवला."

"आणि पुढे?"

"पुढे हा जन्मला," आई म्हणाली, आणि सगळे हसले.

विक्रांतने हेही वहीत लिहिलं.

२

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारपासून तालीम सुरू झाली. विक्रांतचं म्हणणं असं की सहा मिनिटं वीस सेकंद म्हणजे काहीच नाही. चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली तर जन्माची रुखरुख. म्हणून दर रविवारी दुपारी बाराला चौघं सोसायटीच्या गच्चीवर. लक्सरला त्या वेळी सूर्य जवळजवळ डोक्यावर असणार, मान मोडेल, तेव्हा आडवं पडून बघायचं. तालमीतही पांढरी चादर अंथरून आडवं पडायचं. ग्रहणाचे काळे चष्मे लावायचे. "उतरवा!" म्हटलं की चष्मा काढून डोळे गच्च मिटायचे, कारण इथे सूर्य झाकलेला नाही. मोबाइलवर सहा-वीस मोजायचे. "चढवा!" म्हटलं की चष्मा परत डोळ्यांवर, आणि मग सगळ्यांनी टाळ्या.

सुकन्याला तिसऱ्या मिनिटाला झोप लागे. मयुरा मैत्रिणींना सांगे, "आमच्याकडे संडेला सूर्य बघायची प्रॅक्टिस असते." खालच्या मजल्यावरचे लोक गच्चीवर कपडे वाळत घालायला येत, हे कुटुंब काळे चष्मे लावून निपचित पडलेलं बघत आणि पाय न वाजवता परत जात.

त्याआधी भोकांचा खेळ. बारीक भोकातून पडणारा उजेडाचा ठिपका म्हणजे सूर्याचंच चित्र असतं. ग्रहण लागलं की त्या ठिपक्यांच्या कोरी होतात. सुकन्या पिठाची चाळणी चादरीवर धरी. मयुरा बिस्किटाच्या भोकांतून प्रयोग करी आणि मग प्रयोग खाऊन टाकी. आईने मात्र स्वयंपाकघरातला झारा आणला होता.

"आजी, ये भोकंवाला चमचा कशाला?"

"झारा म्हणतात त्याला. पुऱ्या खाताना बरा ओळखीचा असतो."

आईचे गुडघे दुखत, म्हणून ती पाण्याच्या टाकीजवळ खुर्चीवर बसून कठड्यावर कोपर टेकी आणि झारा पुढे धरी. पण चादरीवर धरू देत नसे. "कितीही घासला तरी तेलकटच तो. डाग पडले की धुवायची कुणी?" मग विक्रांत तिच्या पायाशी मांडी घालून बसे, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर आलेखाचा कागद. ठिपके कागदावर पडत, करंगळीच्या नखाहून थोडे मोठे. त्यांच्या कडा तो पेन्सिलीने गिरवून घेई. तारीख, वेळ, हवा.

ते रविवार फार सुखाचे होते. खाली आल्यावर गरम जेवण, मग कुठेतरी खरेदी. एका रविवारी करोल बागेत जाऊन चौघांनी चार बॅगा घेतल्या. आईने दुकानदाराशी स्वतःच्या हिंदीत घासाघीस केली, "भय्या, चाक तो गोल है ना? मेरा लडका चेक करेगा." विक्रांतने चाकं चेक केली. सगळी गोल होती.

३

सात मार्चला, पाचव्या रविवारी, ठिपके गिरवताना त्याचा हात थांबला.

एक ठिपका उजवीकडून चपटा होता. त्याने शेजारचा पाहिला. तोही. झाऱ्याला सदतीस भोकं होती, आणि सदतीसही ठिपक्यांची उजवी कड कुणीतरी नखाने खुडल्यासारखी आत गेली होती.

त्याने मान वर केली. सूर्य होता तिथे होता. चष्मा लावून पाहिलं. पूर्ण, वाटोळा.

"काय रे?" आईने विचारलं.

"काही नाही. हात हलला तुझा."

तीन पावलांवर सुकन्या चाळणी धरून उभी होती. चादरीवर शेकडो ठिपके पडले होते, सगळे गोल, चिल्लर सांडल्यासारखे.

घरी येऊन त्याने आधीचे चार कागद काढले आणि कारखान्यातलं भिंग लावलं. पहिल्या कागदावरचे ठिपके गोल होते. दुसऱ्यावर उजवी कड किंचित सपाट. इतकी किंचित, की दुसऱ्या कुणाला दाखवली असती तर त्याने चहा पिऊन घरी जा म्हटलं असतं. तिसऱ्यावर अजून थोडी. चौथ्यावर अजून.

त्याने मोजलं. दर रविवारी अर्धा मिलिमीटर.

४

चूक सापडते, यावर विक्रांतचा विश्वास होता. चूक म्हणजे कुठलीतरी गोष्ट, आणि गोष्ट बदलून पाहता येते.

पुढच्या रविवारी त्याने झारा सुकन्याला दिला आणि चादरीवर धरायला लावला. आई ओरडली, पण त्याने जुनं वर्तमानपत्र अंथरलं. ठिपके गोल. मग चाळणी आईच्या हातात दिली आणि स्वतः पुठ्ठा घेऊन खाली बसला. ठिपके खुडलेले. आईची खुर्ची गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथेही खुडलेलेच.

कारखान्यात दोषाचा तक्ता असतो. त्याने वहीत तसाच आखला. यंत्र: दोष नाही. जागा: दोष नाही. उरला माणूस. त्या रकान्यात त्याने 'आई' लिहिलं, आणि तळाशी, तपासणाऱ्याच्या जागी, सवयीने स्वतःची सही केली.

लिहून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. एवढा शिकला-सवरलेला माणूस, आणि आईबद्दल तक्ता भरतो. वयामुळे तिचा हात थरथरतो, उजेड हलतो, कड बिघडते. झालं. त्याने तसं लिहिलंही. पण थरथरणाऱ्या हाताने ठिपका पुसट होतो. एकाच बाजूने, दर आठवड्याला अर्धा मिलिमीटर, खाल्ला जात नाही. हे त्याने लिहिलं नाही. रोजनिशीत न लिहिलेली ती पहिली गोष्ट.

एप्रिलमध्ये मयुरा त्याच्या मागून वाकून कागद बघत होती. तोवर ठिपक्यांचा तिसरा हिस्सा गेला होता.

"अच्छा, म्हणजे त्या दिवशी असं दिसणार? मस्त काढलंय तू." मग म्हणाली, "पण तू फक्त आजीचेच का काढतोस? आम्ही काय फालतू आहोत?"

"तुमचे गोल आहेत," विक्रांत म्हणाला. "त्यात काढण्यासारखं काय आहे?"

५

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला तरी तालीम बंद पडली नाही. आता ताकाचा जग वर जाऊ लागला आणि डोक्यांवर ओले पंचे आले. सुकन्याने यादी केली, मयुराने यादीची यादी केली. आईने पितळी दिवा चिंचेने घासून लख्ख केला, रुमालात गुंडाळला आणि बॅगेत सगळ्यात खाली ठेवला. वाती वळून डबीत भरल्या. शेजारणींना ती सांगे, "सत्तर वर्षं मला कोंडून ठेवलं. आता बघते म्हणावं त्या राहूला, समोरासमोर."

ती इतकी आनंदात होती, की विक्रांतला तिच्याकडे बघवत नसे.

पुठ्ठ्यावर बसलं की आजूबाजूचे आवाज विरत जात, हे त्याच्या लक्षात येऊ लागलं. भाजीवाल्याचा भोंगा, मोटारीची घरघर, दूर मेट्रोची शीळ, सगळं दाराआडून आल्यासारखं. टाकीवरची कबुतरं त्या वेळी जवळ सरकत आणि पंखांत चोची खुपसून, भर बाराला, झोपल्यासारखी बसत. टाकीची सावली असते, तो स्वतःला सांगे. पण बाराला टाकीची सावली टाकीखालीच असते.

एका संध्याकाळी त्याने सगळे ठिपके एका आलेखावर मांडले. रेघ इतकी सरळ आली, की कारखान्यात ती कुणी दाखवली असती तर त्याने आकडे बनवल्याचा संशय घेतला असता. त्याने पट्टी लावून ती पुढे वाढवली. ठिपका पूर्ण बुजत होता तो दिवस ऑगस्टच्या पहिल्या दोन तारखांच्या मध्ये कुठेतरी पडत होता.

त्यानंतर तो आईचा रक्तदाब रोज मोजू लागला. एकशे तीस, ऐंशी. पोरीसारखा. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पाहून सांगितलं, "माताजी को चाँद पे ले जाइए." तरी रात्री त्याला जाग येई आणि तो तिच्या खोलीच्या दारात उभा राहून तिचा श्वास ऐके.

जुलैत दोन रविवार ढगांनी खाल्ले. अठरा तारखेला ऊन पडलं. कागदावर उजेडाच्या सदतीस बारीक कोरी उतरल्या, द्वितीयेच्या चंद्राएवढ्या. आई वरून बघत होती.

संध्याकाळी त्याने तिला सांगितलं, तिकडे ऊन फार, आजारी पडलीस तर परदेशात काय करायचं. तू आठ दिवस फरीदाबादला हेमलतामावशीकडे राहा. तिकीट रद्द करायची शेवटची तारीख सव्वीस आहे, मी करून टाकतो.

"खोलीची दारंही लावून घ्यायची का रे?" आईने विचारलं.

सुकन्या आत येऊन कडाडली, "विक्रांत, तुला झालंय काय? डॉक्टर हो म्हणतात आणि तू?" तो एवढंच म्हणाला, "मला ती घरी असलेली हवी आहे. बस."

आईने बॅग उघडली, तळातून दिवा काढला आणि देव्हाऱ्यात परत ठेवला.

६

पंचवीस जुलै, शेवटची तालीम. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि ऊन धुतल्यासारखं स्वच्छ. आई वर आली नाही. "मला पुऱ्या तळायच्या आहेत," म्हणाली. झाराही खालीच राहिला.

टाकीजवळची खुर्ची रिकामी होती. विक्रांत सवयीने तिच्या पायाशी, म्हणजे जिथे तिचे पाय असत तिथे, पुठ्ठा घेऊन बसला.

"आज आजी नाही, तर माझे काढ," मयुरा म्हणाली. तिने सुकन्याच्या हातातली चाळणी ओढून घेतली आणि ऐटीत खुर्चीवर बसून पुढे धरली. "चलो, लवकर. मला फोटो पण काढायचाय."

त्याने कागदाकडे पाहिलं.

कागदभर कोरी होत्या. शेकडो. केसासारख्या बारीक, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या.

मयुरा वर आभाळात उडणाऱ्या घारीकडे बघत पाय हलवत होती. तिच्या नाकावर घामाचा थेंब होता. ही नको, एवढंच त्याच्या मनात आलं, पुन्हा पुन्हा, प्रार्थना म्हणून नव्हे, कारखान्यात लाल बटण दाबतात तसं. ही नको. ही नको.

त्याच्या हातून पुठ्ठा निसटला. तो उचलायचं सोडून विक्रांत गुडघ्यांवर मागे सरकला, एक हात, दोन हात.

जमिनीवर पडलेल्या पुठ्ठ्यावर ठिपके गोल झाले.

मयुराने चाळणी हलवली नव्हती. सूर्य हलला नव्हता. तो एकटाच हलला होता. त्याने उजवा हात लांब केला आणि तळवा चाळणीखाली धरला. तळव्यावर कोरी आल्या. हात काढला, पुठ्ठ्यावर सगळे गोल. पुन्हा धरला. पुन्हा कोरी.

पंचवीस रविवारांत त्याने झारा बदलला होता, जागा बदलली होती, माणूस बदलला होता. पुठ्ठा धरणारा तेवढा बदलला नव्हता. तपासणाऱ्याची सही तपासायची नसते.

आणि मग विक्रांत हसायला लागला. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई नाही. ही नाही. पाच महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. तो कुठे नेऊन ठेवला, हे त्या क्षणी त्याला विचारावंसंही वाटलं नाही.

"बाबा? आर यू ओके?"

"एकदम. चला, आडव्या पडा दोघी! शेवटची तालीम, झोपायचं नाही, सुकन्या!"

"मी डोळे मिटून विचार करते," चादरीवर पडत सुकन्या म्हणाली.

चष्मे लागले. मयुराने मोबाइल छातीवर ठेवला आणि आरोळी दिली, "उतरवा!" दोघींनी डोळे गच्च मिटले. सहा मिनिटं वीस सेकंद सुरू झाले.

७

जिन्याचं दार करकरलं. आई एकेक पायरी मोजत वर आली होती, हातात झारा. "पुऱ्या गार..." ती म्हणता म्हणता थांबली. टाकीवरची कबुतरं कठड्यावर उतरली होती, आणि विक्रांतच्या भोवती अर्धगोल करून, माना खाली घालून झोपली होती.

आई खुर्चीवर बसली. तिने तेलाने चमकणारा झारा त्याच्या उघड्या तळव्यावर धरला.

दोघांनी पाहिलं.

"तेव्हाही एवढीच उरली होती," आई हळूच म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी नव्हतं. तू गिरवत होतास ना, तेव्हा ओळख पटली. कागद तुझ्या मांडीवर, मी वरून बघतेय. पोटावरची कोरही अगदी अशीच दिसली होती."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू मला सांगितलंस?"

भोंग्याचा आवाज कुठेतरी खोल विहिरीतून येत होता. मयुरा पुटपुटत मोजत होती, दोनशे चाळीस, दोनशे एक्केचाळीस.

"आई, तू त्या दिवशी हात ठेवलास. मग काढलास कधी?"

"दिवेलागणीला. सासूबाईंनी आंघोळीला उठवलं तेव्हा."

"मग ग्रहण सुटलेलं तू पाहिलंस का?"

आईने नकारार्थी मान हलवली. तिने डावा हात पुढे केला आणि त्याच्या तळव्यावर पालथा ठेवला. उजव्या हातातला झारा तसाच होता. आता ठिपके तिच्या हाताच्या पाठीवर पडले, सुरकुत्यांवर, हिरव्या शिरांवर. गोल. सदतीसच्या सदतीस, वाटोळे.

त्या हाताखाली, त्याच्या तळव्याच्या मधोमध, एक बारीक वाकडी रेघ थंड पडत चालली होती. भर जुलैत, बर्फाच्या तुकड्याची कड टेकावी तशी. तो हात ओढणार होता. आईने दाबून धरला.

"तिकीट रद्द केलंस का?"

"उद्या करणार होतो."

"करू नकोस. आणि विमानात खिडकी मयुराला दे. मला तुझ्या शेजारी बसव. तिथे वाळूतही तुझ्या शेजारीच."

"हो."

"दिवा परत बॅगेत ठेवते." तिचा चेहरा उजळला. "सहा मिनिटं वीस सेकंदच ना? तेव्हा तर दोन-अडीच तास असाच हात धरला होता मी. त्यापुढे हे काय आहे रे!"

तीनशे अठ्ठ्याहत्तर, तीनशे एकोणऐंशी. "चढवा!" मयुरा ओरडली आणि चष्मा लावून उठून बसली. सुकन्या दचकून जागी झाली. दोघी जोरजोरात टाळ्या वाजवू लागल्या, शिट्ट्या मारू लागल्या. एकही कबुतर उडालं नाही.

"आजी! आलीस तू! येणार ना आमच्याबरोबर?"

"येणार तर! माझ्याशिवाय कसं होईल?"

"येस! मग टाळ्या वाजव ना!"

"वाजवते गं," आई म्हणाली.

पण तिने हात काढला नाही.